टर्बो चोरल्याचा आळ

माजिवड्याच्या एका काचेच्या दारांच्या कार वर्कशॉपने जगदीशला फसवलं, आणि जगदीशने मला. वर्कशॉपने त्याच्या गाडीतला धडधाकट टर्बो काढून घेतला आणि नवा विकला. जगदीशने, खरं काय ते पुरतं माहीत असताना, गावभर सांगितलं की मूळ टर्बो परब मेस्तरीने चोरून त्या जागी भंगार बसवलं होतं. परब मेस्तरी म्हणजे मी.

संपादकांनी मला फोन करून सांगितलं, "गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतं." गमती आहेत, सांगतोही. पण पहिलं हे. जगदीश हे नाव मी बदललंय. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे नुसता आवाज आहे. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्याच ओळीत कळलं असेल.

माझं गॅरेज कल्याण-शीळ रस्त्याला, टाइल्सच्या दुकानामागे. ठाकुर्लीत भाड्याच्या खोलीत राहून, लोकांच्या शिव्या खाऊन आणि त्याहून जास्त देऊन मी ते उभं केलं. मालवणहून आलेला माणूस इथे टिकला तो या भागातल्या गाववाल्यांच्या जिवावर, हे मी कधी नाकारलं नाही. त्यांच्या बापांनी भातशेती केली, मिठागरात पाय भाजले. पोरं आता रेती, विटा, सळई पुरवतात, डंपर चालवतात, बंगले बांधतात. त्यांच्यात जाहिरात चालत नाही. एका घराने म्हटलं, "परबकडे जा," की सगळी आळी येते. आणि एका घराने म्हटलं, "परब चोर आहे," की तीच आळी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. सध्या ती पलीकडून जाते आहे.

आता टर्बो म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चूल विझायला आली की फुंकणीने फुंकर मारतात. जादा हवा मिळाली की जाळ उसळतो. इंजिनाचंही तसंच आहे. टर्बो ही त्याची फुंकणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने एक छोटं पंख्यासारखं चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हा जो दाब, त्याला आम्ही बूस्ट म्हणतो. बूस्ट कमी झाला की गाडी चालते, पण जीव नसल्यासारखी. पाय दाबा, ती विचार करते.

आणि बूस्ट कमी झाला म्हणजे टर्बो गेला, असं नसतं. ही एक गोष्ट लोकांच्या डोक्यात घालता घालता माझे केस गेले. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे पाइप असतात, मधे ती हवा थंड करणारा कूलर असतो, व्हॉल्व असतात, पाइप घट्ट धरणाऱ्या चिमट्या असतात. यात कुठेही भोक पडलं की दाब गळतो. फुंकणी शाबूत, पण भोकातून वारा जातोय. गाडीला स्कॅनर लावला तर तो 'बूस्ट कमी' एवढंच सांगतो. स्कॅनर म्हणजे शेजारीण. घरात भांडण चाललंय एवढं ती सांगेल, सुरू कोणी केलं ते तुम्ही आत जाऊन बघायचं.

नौपाड्याचे एक बँकेतले साहेब असेच आलेले. गाडीला पिकअप नाही, टर्बो बदलायचा आहे, असं ठरवूनच आलेले. मी गाडी चालवायला बसलो तर ॲक्सिलरेटर अर्ध्यावरच अडतोय. खाली वाकून बघितलं. कंपनीची मॅट, तिच्यावर बायकोने घातलेली मॅट, तिच्यावर मेहुण्याने भेट दिलेली जाड गालिच्यासारखी मॅट. पॅडल खाली जाणार कुठे? वरची मॅट उचलून साहेबांच्या हातात दिली. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "हे बिलात कसं लिहिणार तुम्ही?" म्हटलं, "साहेब, मेहुण्याला विचारा."

असो. जगदीशच्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि मांडव उतरल्यावर काही दिवसांनी तो लाल स्पोर्ट्स कार घेऊन माझ्याकडे आला. दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. मुंबईच्या कुणा पार्टीकडून जुनी घेतलेली, पण ठेवलेली सुरेख. असली गाडी घ्यायची आणि मानपाडा रोडवर रिक्षाच्या मागे रांगत जायचं, हे मला कधी समजलं नाही. पण गिऱ्हाईक आपलं, हौस त्याची.

"काका, गाडीची हवाच गेलीय. परवा शीळफाट्याला एका साध्या व्हॅनने ओव्हरटेक मारला मला. इज्जत गेली."

"लग्नाआधी ठीक होती?"

"एकदम कडक होती. नवरदेवाची गाडी हीच होती ना!"

मी त्याच्याबरोबर एक फेरी मारली. हळू चालवताना काही कळत नव्हतं. पाय जोरात दाबला की पुढून वारा सुटल्यासारखा बारीक आवाज यायचा. टर्बो खराब झाला की तो किंचाळतो, धूर टाकतो, तेल पितो. इथे त्यातलं काही नव्हतं. परत येऊन पुढचा बंपर उतरवला. इंजिन बंद ठेवून पाइपांमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारत गेलो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तोच प्रकार. आधी काही नाही. हवा थोडी वाढवली, तेव्हा कूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या पोटाखालून फेस फसफसून आला. दाब नसला की ती चीर ओठांसारखी मिटायची, दाब आला की उघडायची.

हात घातला तर बोटाला तार लागली. बांधकामावर सळया बांधतात ती काळी तार. पाइपाभोवती गच्च पिळलेली, टोक कापून सोडून दिलेलं. इंजिन थरथरेल तशी ती रबरात रुतत गेली होती.

जगदीश माझ्या शेजारी उकिडवा बसून हे सगळं डोळ्यांनी बघत होता. हे लक्षात ठेवा.

"ही काय भानगड आहे?" मी विचारलं.

तो एकदम लहान झाला. "काका, तो मोर होता ना फुलांचा, पुढे लावलेला. दोरीने राहतच नव्हता, सारखा मान टाकायचा. वरात निघायची वेळ झाली. मग मी म्हटलं, थांबा, मीच बांधतो."

"सळईच्या तारेने?"

"डंपरमध्ये पडलेली. जाळीतून आत घातली आणि जे हाताला लागलं त्याला पिळली. मोर काय हलला नाय मग."

मी ओरडलो. खोटं कशाला बोलू, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असा ओरडलो. "अरे, गाडी आहे की स्लॅब? उद्या तिच्यात काँक्रीट पण ओतशील!" तिथे त्याच्या गावचे दोन डंपरवाले उभे होते, ते फिदीफिदी हसले. लोक म्हणतात, परब, तू तिथे ओरडायला नको होतंस. का नको? कष्टाने बनवलेलं मशीन आहे ते. डॉक्टर ओरडला तर चालतो, मास्तर ओरडला तर चालतो, मेस्तरीने मात्र मान खाली घालून "हो शेठ" करायचं?

तार कापून मी त्याच्या हातात दिली. त्याने ती गटारात भिरकावली. चिरेवर मी तात्पुरती टेप गुंडाळली आणि सांगितलं, पाइप मागवावा लागेल, तोवर पाय हलका ठेव. मग पैशाचं बोलणं निघालं. मी आकडा सांगितला, त्याने अर्ध्यावर आणला, मी वर गेलो, त्याने उठून निघाल्यासारखं केलं, मी हाक मारली. हे असंच असतं. आमच्या धंद्यात भाव म्हणजे गप्पा आहेत. मीही पार्टवाल्याशी असाच भांडतो आणि शेवटी दोघं चहा पितो. पण त्या दिवशी जगदीशचं तोंड आंबलेलं होतं. जाताना म्हणाला, "एवढ्यात होत होतं तर आधी तेवढा का सांगितला, काका? माणसाला मूर्ख समजता?"

जगदीशच्या मेहुण्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी गाडी माजिवड्याला गेली.

तिथे छापलेला भाव असतो. कोणी घासाघीस करत नाही, म्हणून तो खरा, असा लोकांचा समज आहे. वा रे समज! जो भाव हलत नाही तो खरा आणि जो माणूस चार शब्द बोलून खाली येतो तो लुच्चा? त्यांनी बंपर उतरवला. फाटलेला पाइप समोर होता, त्यावर माझी टेप होती. आंधळ्याच्या हातालाही ती लागली असती. त्यांनी गुपचूप पाइप बदलला. आणि जगदीशला सांगितलं, "सर, टर्बो गेलाय. ही गाडी बाहेर उघडलेली दिसतेय. आमचा अंदाज, तुमचा ओरिजिनल टर्बो काढून कुणीतरी जुना बसवलाय. बाहेर असं होतं, सर." नवा टर्बो बसला. गाडी पळाली. पळणारच, पाइप नवा होता ना! श्रेय टर्बोला, पैसा वर्कशॉपला, चोरी माझ्या नावावर.

आणि जगदीशला ही गोष्ट आवडली. का आवडली ते मला नंतर कळलं. माझ्या गोष्टीत गाढव तो होता. त्यांच्या गोष्टीत चोर मी होतो.

पुढच्याच एका हळदीत, गाव जेवायला बसलेलं असताना त्याने ती सांगितली. मला कसं कळलं? रोज सकाळी हवा भरायला आणि हाका मारायला येणारे डंपरवाले यायचे बंद झाले. एकाला रस्त्यात अडवून विचारलं तर तो म्हणाला, "मेस्तरी, राग मानू नका, पण आमच्या गाड्यांना पण टर्बो असतो." मग त्याने हळदीतलं सगळं सांगितलं.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मी तो पेपरात गुंडाळून डिकीत ठेवतो, मागितला नाही तरी. डोंबिवलीच्या एका शिक्षिकाबाईंनी जुनी क्लचप्लेट स्वच्छ पुसून, पिशवीत घालून परत आणून दिलेली. म्हणाल्या, "अहो, तुमची ही वस्तू आमच्या गाडीत राहिली." त्यांना समजावायला अर्धी सकाळ गेली. पण ही रीत उगाच नाही. पार्ट हातात असला की शंका राहत नाही. मग जगदीशचा काढलेला टर्बो कुठे गेला? हे विचारायला मी माजिवड्याला गेलो.

काचेचं दार, आत गारवा, कॉफीचं यंत्र, भिंतीवर गाड्यांचे फोटो. टाय लावलेला एक पोरगेला ॲडव्हायजर हसत पुढे आला.

"गुड मॉर्निंग सर. आपला व्हेइकल नंबर?"

"माझी गाडी नाही."

"मग सर, आपण?"

"मी चोर."

मी गाडीचा नंबर आणि रंग सांगितला, तेव्हा त्याचं हसू अर्धवट राहिलं. "सर, प्लीज बसा. कॉफी घेणार?"

"चोराला कॉफी पाजता? माझ्या गॅरेजात 'मी चोर' म्हणणारा आधी लाथ खातो. ते जाऊ दे. त्या गाडीतून काढलेला टर्बो दाखवा."

"सर, जुना पार्ट आम्ही फक्त कस्टमरला दाखवतो."

"दाखवलात?"

"कस्टमरने मागितला नाही."

"म्हणजे तुमच्याकडे आहे."

"सर, त्याची प्रोसेस असते. पार्ट पुढे जातो."

"पुढे म्हणजे कुठे? काशीला?"

"सर, आवाज जरा कमी. इथे फॅमिली कस्टमर आहेत."

"फॅमिली मलाही आहे! आणि फाटका पाइप कुणी बदलला? त्यावर टेप कुणाची होती?"

पाइप म्हटल्यावर त्याचं 'सर' बंद झालं. पाइप बदललेला त्याला माहीत होता, हे मला तिथेच कळलं. मग म्हणाला, "मी मॅनेजरशी बोलून सांगतो." मॅनेजर आला नाही, दोन सिक्युरिटीवाले आले. मला हाताला धरून, फार अदबीने, बाहेर सोडलं.

तिथून मी थेट जगदीशच्या घरी गेलो. तीन मजली बंगला, खाली ओट्यावर त्याचे वडील आप्पा खुर्चीत बसलेले. म्हातारा मिठागरात राबलेला, अजून पाठ ताठ. लाल गाडी अंगणात होती. मी कुणाला न विचारता खिशातला टॉर्च काढून गाडीपुढे आडवा झालो आणि पुढच्या जाळीतून आत बघायला लागलो.

"ए मेस्तरी," आप्पा ओरडले, "गारीखाली कनाला शिरलास? आता काय न्यायचा रायलाय?"

"आप्पा, इकडे या. वाकता येतं ना अजून?"

"तुझ्यापेक्षा बरा वाकतंय." ते आले, वाकले. मी टॉर्च धरला. आतले सगळे पाइप धुळीने राखाडी झालेले. एकच काळाभोर, दुकानातून आल्यासारखा.

"हा नवा हाय," आप्पा म्हणाले.

"हा फाटलेला होता. तुमच्या पोराने मोर बांधायला पिळलेल्या तारेने. हा बदलला म्हणून गाडी पळते. टर्बोला काही झालंच नव्हतं."

आप्पा सरळ झाले. "मंग त्यो टर्बो तू नेलास नाय."

"नाही."

"आन् जगदीशला ह्या म्हाईत हाय?"

"विचारा ना, तो आलाच."

जगदीश जिन्यावरून उतरत होता. मला बघून थबकला, मग हसतच आला. "काका, तुम्ही इथे? अहो, झालं गेलं. तुमचं काही नुकसान झालं असेल तर बोला, आकडा सांगा. मी देतो."

उभ्या आयुष्यात समोरच्याने स्वतःहून आकडा विचारला आणि मी सांगितला नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"पैसे नकोत. ज्यांना सांगितलंस त्यांना परत सांग. परबने टर्बो चोरला नाही, एवढंच."

"मग गाडीची हवा का गेली होती, असं विचारतील ना!"

"मग तेही सांग."

"काका, हसतील हो लोक. सळईच्या तारेने स्पोर्ट्स कार बांधली म्हणून जन्मभर नाव पडेल मला. पोरंसोरं मागून 'मोर मोर' करतील."

"आणि मला चोर नाव पडलंय त्याचं?"

तेव्हा तो जे बोलला ते मी विसरणार नाही. रागाने बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. तो समजुतीच्या सुरात बोलला. "तुमचं काय काका, तुम्ही थोडेच गावचे आहात? तुम्हाला दुसरीकडे शेड मिळेल. मला इथेच राहायचंय."

या गावच्या गाड्यांखाली मी आडवा झोपून म्हातारा झालो. यांच्या पालख्यांचे टेम्पो, यांच्या वरातींच्या जीपगाड्या, यांच्या बायकांना बाळंतपणाला नेणाऱ्या गाड्या मी सणासुदीच्या दिवशी हातातलं ताट सारून चालू करून दिल्या. आणि मी गावचा नाही!

आप्पा म्हणाले, "मेस्तरी, चा घे." एवढंच म्हणाले. पोराला एक शब्द बोलले नाहीत. मिठागरात कुणाच्या बापाला न घाबरलेला माणूस, स्वतःच्या अंगणात पोराला घाबरला. मी चहा घेतला नाही.

हे लिहितोय तेव्हा गॅरेजमध्ये दोन रिक्षा आणि एक स्कूटर उभी आहे. बायको म्हणते, सोडून द्या, आंबिवलीला शेड स्वस्तात मिळते, तिकडे जाऊ. नाही जाणार. मी गेलो की चोर पळाला असं म्हणायला हे मोकळे.

म्हणून इथे, छापून, विचारतो. टर्बोवर कारखान्यात कोरलेला नंबर असतो. तो कुठल्या गाडीचा, हे त्यावरून शोधता येतं. माजिवड्याच्या वर्कशॉपवाल्यांनो, तुम्ही म्हणता मी भंगार बसवलं होतं. मग ते भंगार आणा. पुढे कुठे गेलं असेल तिथून आणा, आणि त्यावरचा नंबर गावासमोर मोठ्याने वाचा. तो जगदीशच्या गाडीचा नसला तर माझं शटर मी माझ्या हाताने खाली ओढतो. आणि तिचाच निघाला, तर चालता टर्बो काढून घेणारा चोर कोण, याचं उत्तर तुम्ही द्यायचं.

आणि जगदीश, तू साबणाचा फेस बघितलास. तार स्वतःच्या हाताने गटारात टाकलीस. तू गावचा आहेस ना? मग गावाला उत्तर दे.